हिस्सा देणारे आणि जोखीम वाहणारे

सालगडी आणि बटईदार यांच्यातला फरक मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सालगड्याची वर्षाची रक्कम ठरलेली असते. पाऊस पडो वा न पडो, त्याचे साल मालकाने द्यायचे असते. बटईदार पिकाचा वाटा घेतो. पीक बुडाले तर त्याचा वाटाही बुडतो, पण काय पेरायचे यात त्याचा थोडाफार तरी शब्द चालतो. आता समजा, दुष्काळाच्या वर्षी एखादा मालक आपल्या सालगड्याला म्हणाला, "तुझे साल निम्मे कर, त्या बदल्यात आजपासून तू माझा भागीदार." पेरणी मात्र पूर्वीप्रमाणे मालकच ठरवणार. याला सन्मान म्हणावे की आपल्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे म्हणावे?

कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देण्याची जी पद्धत आज मोठ्या उद्योगांत रूढ आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. विमान व्यवसायात तो अधिक तीव्र होतो, कारण या धंद्यात इंधनाचे दर, युद्ध, साथ यांपैकी काहीही एका वर्षात कंपनी बुडवू शकते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. 1994 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी, तंत्रज्ञांनी आणि इतर काही कर्मचाऱ्यांनी वेतनात व सवलतींत मोठी कपात स्वीकारली आणि त्या बदल्यात कंपनीचे 55 टक्के शेअर घेतले. संचालक मंडळाच्या 12 जागांपैकी 3 जागा त्यांना मिळाल्या. हवाई परिचारिकांची संघटना मात्र या योजनेबाहेर राहिली. म्हणजे एकाच विमानात काही कर्मचारी मालक होते आणि काही नोकर. हे शेअर एका विश्वस्ताच्या ताब्यात होते; नोकरी सोडेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत ते विकता येत नव्हते. डिसेंबर 2002 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्या शेअरांची किंमत जवळजवळ शून्य झाली. 2005 मध्ये कंपनीने पेन्शनची जबाबदारीही झटकली. ज्यांनी कंपनी वाचावी म्हणून पगार सोडला, त्यांचा पगार गेला, शेअर गेले आणि म्हातारपणाचा आधारही कमी झाला.

आपल्याकडे जेट एअरवेजचे नाव सर्वांना ठाऊक आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरही तिची विमाने येत असत. 17 एप्रिल 2019 रोजी ती बंद पडली. तेव्हा अनेकांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. तरीही वैमानिकांच्या व अभियंत्यांच्या संघटनांनी स्टेट बँकेला कळवले की, बाहेरचे गुंतवणूकदार आणू, स्वतःचाही वाटा घालू, पण कंपनी चालवण्याची संधी आम्हाला द्या. 2020 च्या अखेरीस एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनीही असाच प्रयत्न केला. प्रत्येकाने एक लाख रुपये घालून 51 टक्के हिस्सा घ्यावा, अशी त्यांची कल्पना होती. ते पात्र ठरले नाहीत, आणि जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे गेली.

या माणसांना लोभी किंवा भोळे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या यंत्राला आपण रोज हात लावतो, त्याच्या भवितव्यावर आपलाही शब्द असावा, ही इच्छा माणुसकीचीच आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमावर चालण्यापेक्षा भागीदारी केव्हाही श्रेष्ठ. प्रश्न भागीदारीच्या अटींचा आहे.

आपल्या धर्मशास्त्रात या अटींचा विचार शतकांपूर्वी झाला आहे. मजुरीचा करार असेल तर मजुरी आधी ठरलेली आणि माहीत असलेली हवी. मुदारबा असेल, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल, तर नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. पण मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. मेहनत करणाऱ्याने आपले श्रम गमावले, तेवढा त्याचा तोटा पुरेसा मानला आहे. पगार कापून शेअर देण्यात मात्र श्रमही त्याचेच बुडतात आणि भांडवलही त्याचेच.

देशाचा कायदाही हेच वेगळ्या भाषेत सांगतो. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च वजा जाताच कामगारांचे मागच्या 24 महिन्यांचे वेतन तारण घेणाऱ्या बँकांच्या बरोबरीने उभे राहते. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन येते. रांगेच्या अगदी शेवटी शेअरधारक असतात. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा ही रांग प्रत्यक्षात उभी राहिली. म्हणून थकलेल्या पगाराच्या बदल्यात शेअर घेणे म्हणजे पुढची जागा सोडून रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहणे.

कोणी विचारेल, कंपनीच बुडत असेल तर कामगाराने काहीच सोडू नये काय? जरूर सोडावे. पण ते सोडलेले वेतन कंपनीवरचे कर्ज म्हणून लिहून ठेवावे. उधारी लिहून ठेवावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. शेअर द्यायचेच तर ते पूर्ण मजुरीच्या वर द्यावेत, हिशेबाच्या वह्या खुल्या ठेवून द्यावेत आणि निर्णयात शब्द देऊन द्यावेत.

आणि ते कोणाकोणाला द्यावेत, हेही विचारले पाहिजे. साखर कारखान्याच्या सभासदांच्या यादीत ऊस पिकवणारा असतो, ऊस तोडणारा नसतो. विमानतळावर सामान चढवणारा, विमान झाडणारा माणूस पुष्कळदा ठेकेदाराचा असतो. शेअरांच्या यादीत त्याचे नाव येत नाही, पण विमान उडायचे थांबले की पहिली चूल त्याची विझते. जी भागीदारी त्याला मोजत नाही, तिला न्याय म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.