संशयाचा मान

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या अॅगाथा ख्रिस्तींच्या दोन कादंबऱ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. ‘कार्ड्‌स ऑन द टेबल’मध्ये एरिअॅडनी ऑलिव्हर ही रहस्यकथालेखिका भेटते. तिचा गुप्तहेर फिनलंडचा. आणि त्या देशाविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, चुका दाखवणारी पत्रे तिथून सारखी येतात, अशी कबुली ती स्वतःच देते. बेल्जियन प्वारोच्या निर्मातीने ही स्वतःचीच थट्टा केली आहे, हे उघड आहे.

पण थट्टेने ऋण फिटते काय? ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ हा प्रश्न अधिक बिकट करते. येथे अज्ञानाची सबब नाही. १९२८ साली ख्रिस्ती एकट्याच बगदादला गेल्या, ऊरचे उत्खनन त्यांनी पाहिले. १९३० साली पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खून होणारी लुईस लाइडनर ऊरच्या कॅथरीन वुलींवरून बेतलेली, हे सर्वश्रुत आहे. (पाहुणीने यजमानिणीचा कागदावर खून करावा, यातला विनोद मला निर्भेळ वाटत नाही, पण तो वेगळा विषय.)

खुनाच्या वेळी स्वयंपाकी आणि घरगडी बाहेर दाराशी हसत-बोलत बसलेले असतात. तेवढ्यावर ते संशयाच्या कक्षेबाहेर जातात. उरतात ती मोहिमेतली पाश्चात्त्य मंडळी. परदेशी मनुष्य हाच आयता खलपुरुष मानणाऱ्या सनसनाटी कथांच्या मानाने हे उदार भासते. तथापि या वाङ्मयप्रकारात संशयित असणे म्हणजे हेतू असणे, भूतकाळ असणे, लपवण्याजोगे काही असणे. अर्थात अंतरंग असणे. प्वारो ज्याला प्रश्न विचारतो त्याला तो माणूस म्हणून वाचतो. दाराशी बसलेल्यांना कोणी वाचतच नाही. त्यांना मिळालेले निर्दोषत्व न्यायातून आलेले नाही, दुर्लक्षातून आलेले आहे.

यावर रचनेची अपरिहार्यता पुढे केली जाईल : बंदिस्त वर्तुळाखेरीज कोडे उभे राहत नाही. मान्य. परंतु सीरियातील उत्खननांच्या आठवणी सांगणारे ‘कम, टेल मी हाउ यू लिव्ह’ (१९४६) याच लेखिकेचे. तेथे मजुरांची भांडणे आहेत, काटकसरीने झपाटलेला मोटारचालक मिशेल आहे, आणि हसताना त्यांच्या लहरींकडे बारकाईने पाहणारी दृष्टी आहे. पाहणे तिला जमत होते. वर्तुळ हवे, एवढेच रचना सांगते. ते दाराच्या आत आखायचे की बाहेरच्यांनाही त्यात घ्यायचे, हा निर्णय लेखिकेचा होता.