आधी स्वतःची विचारपूस

सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं राहतात. बाप मिलमध्ये, आई घरबसल्या साड्यांना टिकल्या लावणारी, आणि लेक नर्सिंगला किंवा मेडिकलला, अशी घरं आता इथे दिसू लागली आहेत. त्या लेकरानं मिळवलेली जागा एकट्याची राहत नाही. ती गल्लीची होते, धुळे-जळगावच्या भाऊबंदांचीही होते. म्हणूनच ‘मला झेपत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. बापानं रातपाळ्या काढल्या, मग आपण कुरकुर कशी करायची?

कामातून साचत गेलेल्या अशा थकव्याला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी 1981 साली तो मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: मन आटून जाणं, रुग्ण माणूस न राहता खाटेचा नंबर होणं आणि आपण काही कामाचे नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. म्हणजे मूळ कामातही शोधायला हवं. आपण मात्र ते थकलेल्याच्या स्वभावात शोधतो.

पहाटे तीनचा वॉर्ड. शीर सापडत नाही, सुई दुसऱ्यांदा टोचावी लागते, नातेवाईक ओरडतात. शिकाऊ मुलगी मनात स्वतःला म्हणते, ‘एवढंही येत नाही तुला!’ हेच ज्युनिअरच्या हातून घडलं असतं, तर ती म्हणाली असती, ‘होतं गं सुरुवातीला. घोटभर पाणी पी, सिस्टरांना बोलाव.’ या दुसऱ्या वाक्यात दिलासाही आहे आणि पुढचं योग्य पाऊलही. पहिल्यात नुसता मार आहे.

ज्युनिअरला दाखवलेली ही माया स्वतःलाही दाखवता येते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची तीन अंगं सांगितली: स्वतःशी मायेनं वागणं, चुकणं-थकणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं आणि दुःख न लपवता, न फुगवता पाहणं. आपल्याकडे ही वाट जुनी आहे. बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासूनच करायला सांगितली आहे.

अशानं माणूस सैलावेल, ही भीती खरी ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ ज्युलियाना ब्रायन्स आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या प्रयोगात, कठीण चाचणीत आपटलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःशी समजुतीनं वागायला सुचवलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास जास्त वेळ केला. वॉर्डात याला आणखी मोल आहे. स्वतःला सोलून काढणारा चूक लपवतो; स्वतःला सांभाळणारा ती वेळेत सांगतो, आणि त्यात रुग्णाचं भलं असतं.

पण करुणेचा धडा देऊन व्यवस्थेनं हात झटकू नयेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं 2024 मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल 74 तास आणि एक सुट्टी सुचवली. एवढ्या तासांची मर्यादाही दिलासा वाटावी, यातच सगळं आलं. छत्तीस तास जागलेल्याला श्वासावर लक्ष द्यायला सांगणं ही थट्टा आहे.

तरीही तासांची ही मर्यादा मागायला आधी एक गोष्ट पटावी लागते: थकवा हा माझा नालायकपणा नव्हे. स्वतःला दोष देणारा मान खाली घालून ड्यूटी करत राहतो. स्वतःची विचारपूस करणारा रजेचा अर्ज लिहितो, रोस्टरवर प्रश्न विचारतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. गोडादऱ्यातल्या आईबापांनीही ‘कितवा नंबर आला?’च्या आधी ‘झोप झाली का?’ विचारावं. लेकराला स्वतःशी मायेनं बोलायची सवय घरातूनच लागते.