शून्य देण्याचा अधिकार

एमएस्सीला रिअल ॲनालिसिस शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या पेपरात एक प्रश्न आज ना उद्या येतोच. बंद आणि मर्यादित अंतरालावर कंटिन्युअस असलेलं फंक्शन तिथे युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, हे सिद्ध करा. गुण दहा. या प्रश्नाचं एक ठरावीक उत्तर मी नोकरीभर वाचत आले. एप्सिलॉन घेतलेला असतो, प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा दिलेला असतो आणि मग ती ओळ येते: ‘या सर्व डेल्टांपैकी सर्वांत लहान डेल्टा घेऊ.’ खाली ‘सिद्ध झाले’ आणि भोवती चौकट. अक्षर सुरेख, व्याख्या अचूक, शेवटचं वाक्यही अगदी हवं तेच.

पण बिंदू अनंत आहेत, म्हणून डेल्टाही अनंत. ते घसरत घसरत शून्याला टेकू शकतात. मग त्यांच्यात सर्वांत लहान असा धन डेल्टा उरतच नाही. प्रमेयाचा सगळा जीव याच फटीत आहे. अंतराल बंद आणि मर्यादित आहे याचा उपयोग इथेच करायचा असतो, आणि नेमका तोच केलेला नसतो. हाच युक्तिवाद शून्य ते एक या खुल्या अंतरालावर एक भागिले एक्स या फंक्शनला लावून पाहा. तिथेही तो बिनतक्रार चालतो आणि धडधडीत खोटं विधान ‘सिद्ध’ करून देतो.

किती गुण द्यायचे? कॅपच्या, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रातल्या, टेबलावर एक परीक्षक स्टेप मार्किंगच्या हिशेबाने सात देतो, शेजारचा लाल शून्य काढून पान उलटतो. आपण न्याय केला, असं दोघांनाही मनापासून वाटतं. विद्यापीठाने एक परिपत्रक काढलं म्हणजे हा प्रश्न मिटेल, असं मला वाटत नाही. सत्यापुढे आपलं कर्तव्य काय आणि समोरच्या माणसापुढे काय, असा हा धर्माचा प्रश्न आहे.

त्याचं मला पटलेलं उत्तर गौतमाच्या न्यायसूत्रांत आहे. जे सिद्ध करायचं ते जिथे नाही तिथेही जो हेतू, म्हणजे दिलेलं कारण, जाऊन बसतो, त्याला न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणतं आणि हेत्वाभासांत घालतं. आपला डेल्टावाला युक्तिवाद तंतोतंत तसा आहे. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नव्हे. अर्धा हेतू नावाची वस्तू या शास्त्रात नाही. इथवर शून्य देणाऱ्याचं बरोबर आहे.

पण त्याच सूत्रांत, शेवटच्या अध्यायात, बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत. म्हणजे वादात माणूस हरला असं कधी म्हणायचं, त्या जागा. त्यांतल्या दोन मला प्रत्येक परीक्षकाच्या टेबलावर लिहून ठेवाव्याशा वाटतात. पर्यनुयोज्योपेक्षण: समोरच्याचा दोष दिसत असून तो न दाखवणं. निरनुयोज्यानुयोग: दोष नाही तिथे दोष लावणं. हरण्याची ही ठिकाणं चुकणाऱ्याची नाहीत, चूक पकडायला बसलेल्याची आहेत. सात देणारा पहिल्यात सापडतो. शून्य देणारा दुसऱ्यात, कारण त्याने अचूक व्याख्येलाही दोषी ठरवलं. आणि कारण न लिहिता पान उलटलं म्हणून पहिल्यातही. माझा हात अशा उत्तराला तीनवर थांबतो. व्याख्या आणि मांडणीचे तीन, सिद्धतेचे शून्य, आणि समासात एक ओळ: ‘अनंत डेल्टांतला सर्वांत लहान शून्याहून मोठा कशावरून?’

पेपर कठीण असण्याबद्दल माझी तक्रार नाही. केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेचे आकडे फ्रान्सिस गॅल्टनने 1869 सालच्या पुस्तकात दिले आहेत. एकूण गुण 17,000 आणि त्याच्यासमोरच्या एका यादीतल्या सीनिअर रँग्लरला साडेसात हजारांच्या थोडे वर. निम्मेही नाहीत, तरी तो पहिला. हाच मान 1899 साली मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी मिळवला. तिथल्या क्रमवारीचं कौतुक मी करणार नाही. स्वतः चौथा रँग्लर असलेला गणिती हार्डी तिच्याविरुद्ध उभा राहिला आणि 1909 नंतर ती बंद झाली, ते योग्यच झालं. पण अवघड पेपर काढणं म्हणजे मुलांना तुच्छ लेखणं नव्हे, एवढं त्या आकड्यांवरून दिसतं.

तुच्छता वेगळीच असते. ‘माझ्या पेपरात कुणी पन्नासच्या वर जात नाही,’ हे वाक्य स्टाफरूममध्ये अभिमानाने बोललं जातं. न्यायशास्त्रात वाद हा सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी आणि वितंडा नुसती दुसऱ्याची बाजू पाडण्यासाठी. वितंडेत स्वतः काही सिद्ध करायचं नसतंच. विद्यार्थी नापास झाले हेच ज्याचं भूषण, तो शिक्षक वितंडा करतो आहे. त्यातून समोरच्याला उत्तर देण्याची सोय नाही, म्हणून त्याची जबाबदारी दुप्पट.

दयेची बाजू मला कळत नाही असं नाही. तालुक्याच्या गावाहून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीचा एक विषय राहिला की घरी लग्नाची बोलणी सुरू होतात. बाप वाईट नसतो, पैसे संपलेले असतात. तिच्यासाठी फेरपरीक्षा लवकर घ्या, फी माफ करा, तिला जास्तीचे तास द्या. दयेला एवढ्या जागा आहेत. खोट्या सिद्धतेला खरी म्हणणं ही त्यांतली जागा नाही, कारण उद्या ती मुलगी वर्गात उभी राहील आणि तोच सर्वांत लहान डेल्टा पुढच्या साठ मुलांना शिकवेल.

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका कपाटात न ठेवता वर्गात परत द्या. विद्यापीठाच्या पेपरची फोटोकॉपी पैसे भरून मागवली, तर तिच्यावरही कारण वाचायला मिळालं पाहिजे. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगणं आहे: खोट्या सिद्धतेला शून्य जरूर द्या, पण त्याच्या शेजारी एक ओळ लिहा.