तिची पहाट

बसा. पाठ सैल सोडा. हात मांडीवर असू द्या.

डोळे मिटले तरी चालेल. जे बघायचं आहे ते तसंही अंधारातच आहे.

एक खोली आहे. तिला खिडकी नाही. कोपऱ्यात लाल दिवा आहे, अगदी मंद. आपल्याला जेमतेम दिसावं आणि माशीला पत्ताही लागू नये, इतका मंद.

समोर काचेची बाटली. तोंडाला कापसाचा बोळा. तळाशी मक्याचं पीठ, काकवी आणि यीस्ट घालून थिजवलेलं खाद्य. किंचित आंबूस वास येतो.

येऊ द्या.

श्वास घ्या. सोडा.

आता काचेच्या आतल्या बाजूला बघा. तांदळाच्या कणीएवढे कोष चिकटले आहेत. पुष्कळ आहेत. त्यातला एक निवडा.

एकच. आणि त्याच्यापाशी थांबा.

आत माशी आहे. जेमतेम तीन मिलिमीटरची. केळी फार पिकली की स्वयंपाकघरात जी चिलटं घिरट्या घालतात, त्यांच्यातलीच. (आंब्याच्या बागेत जिच्यासाठी सापळे टांगतात ती फळमाशी वेगळी. तो गुन्हा हिच्या माथी नको.) शास्त्रातलं हिचं नाव ड्रॉसोफिला. ग्रीक शब्दांतून आलेलं. अर्थ, दव आवडणारी.

दव आवडणारी. एकदा मनात म्हणा.

कोषाची भिंत पातळ आहे. नीट बघितलं तर आतला डोळा दिसतो. दिव्याने सगळंच लाल केलं आहे, नाहीतर डोळ्याचा तांबडा रंगही कळला असता. दोन्ही बाजूंना काळपट पट्टे आहेत. ते घडी घातलेले पंख.

दहा दिवसांपूर्वी ती अंडं होती. मग अळी झाली. गेले चार दिवस ती या कोषात आहे, आणि आता तयारी पुरी होत आली आहे.

आता फक्त वाट बघायची.

तिच्याबरोबर आपणही बघू.

बाहेर झुंजूमुंजू होत असेल. इथे ते पोचत नाही. ही माशी अळी होती तेव्हा तिने काही दिवस उजेड आणि अंधार पाहिला, आळीपाळीने. त्यानंतर नुसता अंधार. खोली ना गार होते ना तापते. कोंबडा आरवत नाही.

तरीही शेजारचा कोष हलतो.

तुम्ही हलू नका. बघा.

कपाळावर फुगा फुगतो आहे. हो, कपाळावरच. डोक्याच्या पुढच्या बाजूची मऊ पिशवी. ती आतून दाबते. कोषाचं झाकण उचललं जातं.

डोकं येतं. मग पाय. मग सगळी.

फिकट. ओलसर. लांबुडकी. पंख चुरगळलेले, पिळून ठेवलेल्या रुमालासारखे.

ती थोडी चालते. थांबते. पंख उलगडू लागतात. तासाभरात ते सपाट होतील. अंगावर रंग चढेल. तो फुगा डोक्यात परत गेला आहे. आयुष्यात त्याचं काम एवढंच होतं.

तिच्या पंखांपाशी थोडं थांबा.

बाहेर पहाट आहे. तिला कोणी सांगितलेली नाही.

पहाटेच्या हवेत ओल असते. ओलं अंग भर्रकन सुकून आखडू नये, म्हणून पहाट, असं अभ्यासक मानत आले आहेत. या खोलीत तर पहाटही नाही. तरी ती आली.

अळी होती तेव्हा तिने जे मोजायला घेतलं, ते अजून मोजते आहे. मधल्या काळात अंग विरघळलं. नवं अंग घडलं. पाय आले, पंख आले. मोजणी सुटली नाही.

श्वास घ्या.

सोडा.

आणखी एक येते. मग आणखी दोन. बघत राहा. कोषातून बाहेर येणं एका माशीच्या आयुष्यात एकदाच घडतं. तिच्यापुरती ती एकच पहाट. फेरा दिसतो तो बाटलीत, सगळ्यांच्या मिळून येण्यात. आज या, उद्या त्या, परवा आणखी कोणी, आणि वेळ तीच.

अशाच बाटल्यांसमोर रॉन कोनोप्का बसला आहे. 1971 च्या आधीची वर्षं, कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, कॅल्टेकमधली सीमोर बेंझर यांची प्रयोगशाळा. कोनोप्का अजून विद्यार्थी आहे. तो नरांना साखरेच्या पाण्यातून एक रसायन पाजतो. ते जनुकांत बारीक चुका पाडतं. मग त्या नरांच्या वंशात तो शोधत राहतो, अवेळी कोण येतं?

तीन वंश सापडतात.

एकाचा दिवस 19 तासांचा.

एकाचा 28 तासांचा.

तिसऱ्याला दिवसच नाही. त्यातल्या माश्या केव्हाही येतात, मध्यरात्रीही.

तिन्ही चुका एकाच जनुकात निघतात. त्याला नाव मिळतं, पीरियड. वागण्याचं मूळ असं एका जनुकात सापडेल, हे तेव्हा भल्याभल्यांना पटत नव्हतं. तो वाद राहू द्या.

त्यापेक्षा 19 तासांच्या दिवसात थोडं बसा.

उद्याची पहाट पाच तास आधी. परवाची दहा तास आधी. अंधारात पहाट अशी मागे मागे सरकत जाते. बाहेर रात्र आहे, आत तांबडं फुटलं आहे. त्या माशीला काही चुकल्यासारखं वाटत असेल, असं मला वाटत नाही.

आता आपल्या कोषाकडे परत या. अजून बंद आहे ना?

आत जाऊ. तिच्या इवल्या मेंदूत. तिथे काळ राखणाऱ्या पेशी शे-दोनशेच.

त्यातली एक पेशी. तिचं केंद्रक. तिथे पीरियड जनुक वाचलं जातं. निरोप बाहेर येतो. निरोपावरून प्रथिन घडतं.

कण. आणखी एक कण.

रात्र चढते तसं ते साठत जातं. टाइमलेस नावाचं दुसरं प्रथिन त्याचा हात धरतं. जोडीने ती दोघं केंद्रकात शिरतात, जिथून निरोप निघाला होता तिथेच.

आणि निरोप थांबतो.

साठलेलं आता झिजू लागतं. हळू. झिजत झिजत इतकं कमी होतं, की अडवायला कोणी उरत नाही. जनुक पुन्हा वाचलं जातं.

साठणं. थांबणं. झिजणं.

पुन्हा साठणं.

एका फेऱ्याला सुमारे 24 तास.

याला जैविक घड्याळ म्हणतात. मला तो शब्द जरा कडक वाटतो. इथे टिकटिक ऐकू येत नाही, काटा सरकत नाही. भरतं आणि ओसरतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणी नाव ठेवलं असतं, तर भरती-ओहोटी म्हटलं असतं.

हे उलगडायला वर्षं लागली. 1984 मध्ये पीरियड जनुक वेगळं काढता आलं. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना या कामासाठी 2017 चं नोबेल मिळालं. कोनोप्का 2015 मध्येच गेला होता.

थोडा वेळ काही बोलू नका.

पीरियडचे भाऊबंद तुमच्या पेशींतही आहेत. आत्ता, या बसण्यातही, तिथे काहीतरी भरतं आहे किंवा ओसरतं आहे.

कान आत वळवा.

पहाटे गजर वाजण्याआधी जाग येते ती वेळ आठवा. दुपारी पापण्या जड होतात ती वेळ आठवा. या माश्याही पहाटे आणि तिन्हीसांजेला लगबगीत असतात. भर दुपारी वामकुक्षी घेतात.

आत्ता तुमच्यात कोणती वेळ आहे? घड्याळ बघू नका. उत्तर आलं नाही तरी चालेल.

श्वास आत.

श्वास बाहेर.

बाटलीत आता हालचाल कमी झाली आहे. ज्यांची आज वेळ होती त्या आल्या. काचेवर पंख सुकवत बसल्या आहेत.

आपला कोष?

बंद.

ती जिवंत आहे. फक्त तयारी पुरी व्हायला थोडा उशीर झाला. तासाभरात होईलही पुरी. पण तोवर आजचं दार लागलेलं असेल. ते दिवसातून ठरावीक तासच उघडं असतं. चुकलं, तर ती घाई करत नाही. पंख घडी घातलेलेच ठेवते आणि पुढच्या पहाटेपर्यंत आत थांबते. सगळं अंग तयार, आणि तरीही थांबते.

तिच्या त्या थांबण्यापाशी बसा.

थोडं आणखी.

आता उठायचं तर सावकाश उठा. बोळा घट्ट आहे ना, बघा. पांढरा दिवा लावू नका. उजेडाची एक तिरीपही तिची मोजणी हलवू शकते.

दार ओढून घ्या. उद्या पहाटे या.