देणगी देवाची, दुरुस्ती कोणाची?

आपल्या खेड्यापाड्यांतील बहुतेक मंडळ्यांत लिहिण्याची हौस असलेला एखादा बंधु किंवा एखादी भगिनी असतेच. नाताळास एखादें गीत रचावें, शब्बाथशाळेच्या मुलांसाठीं संवाद लिहावा, कोणी प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्यास त्याच्याविषयीं चार ओळी लिहून पाठवाव्या, असें त्यांचें चाललेलें असतें. ही हौस चांगली आहे, व ती देवापासून आहे असें आम्ही मानितों. परंतु त्या लिखाणांत कोणी एक शब्द बदलावयास सुचविलें कीं लगेच उत्तर येतें, ‘हें मला प्रार्थनेंत सुचलें, यांत मनुष्यानें हात कां घालावा?’

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. देणगी जर देवाची आहे, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार मनुष्यास कोणीं दिला? आणि ज्यास ती मिळाली त्यानें दुसऱ्यापुढें मान लवविणें, ही नम्रता आहे कीं देणगीचा अपमान आहे? याचा थोडासा विचार आज आम्ही वाचकांसमोर मांडीत आहों.

आधीं आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक गरीब विधवा बाई दीर्घ दुखण्यानें वारली. तिच्या भक्तीविषयीं आम्हांस मोठा आदर होता. आम्हीं तिच्या अंतसमयाचें वर्णन लिहिलें: तिचा चेहरा कसा उजळला, तिनें हात जोडून सर्वांचा निरोप कसा घेतला, आणि वेदनेचा एक शब्दहि न काढतां तिनें प्राण कसा सोडिला. तें लिखाण आम्हीं लेखकांच्या एका मेळाव्यांत वाचून दाखविलें. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. कित्येकांनीं डोळे पुसले. आम्ही मोठ्या आनंदानें घरीं परतलों. आतां आपण लेखक झालों, असें आम्हांस वाटूं लागलें.

आमच्या लिखाणावर एक वृद्ध पाळकसाहेब नेहमीं नजर फिरवीत असत. त्यांस आम्हीं तें दाखविलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, चष्मा काढून ठेविला आणि विचारिलें, ‘त्या रात्रीं तूं तेथें होतास काय?’ आम्ही तेथें नव्हतों. ‘मग हें कोणीं पाहिलें?’ आम्ही म्हणालों, ‘पाहिलें कोणीं नाहीं; परंतु यानें लोकांचा विश्वास वाढेल.’ ते म्हणाले, ‘बाबा, आपल्या प्रभूला खोट्या साक्षीदाराची गरज केव्हांपासून लागली? तिच्या मुलाकडे जा आणि त्याला विचार.’

आम्ही गेलों. तो मुलगा मोलमजुरी करीत असे. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, ‘साहेब, आईला लई तरास झाला. रातभर पानी पानी करत होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो होतो. आता लोक मला म्हनतात, तुझ्या आईला काहीच दुखलं नाही. मग माझं कोनाला सांगू? पहाटं एकदाच डोळं उघडून म्हनाली, तू जेवलास का? आन् गेली.’

त्या तीन शब्दांत जी प्रीति होती, ती आमच्या दोन पानांत नव्हती. आम्हीं तर तीहि पुसून टाकिली होती, आणि एका मुलाचें दुःख त्याच्यापासून हिरावून घेतलें होतें. टाळ्या वाजविणाऱ्यांचा यांत दोष नाहीं. त्यांस काय ठाऊक? परंतु त्या एका प्रश्नावांचून आम्ही आयुष्यभर तसेंच लिहीत राहिलों असतों, आणि त्यास ईश्वरी प्रेरणा म्हणत राहिलों असतों.

पवित्र शास्त्र याविषयीं काय दाखवितें तें पाहूं. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोसाची हकीकत आहे. तो आलेक्सांद्रियाचा राहणारा, मोठा वक्ता, शास्त्रांत प्रवीण आणि मनानें उत्साही होता. देणगींत कांहीं उणें नव्हतें; परंतु ज्ञानांत उणें होतें, कारण त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विल्ला हीं राहुट्या करणारीं नवराबायको. त्यांनीं इफिसांतील सभास्थानांत त्याचें भाषण ऐकिलें. त्यांनीं भरसभेंत उठून त्याची चूक काढिली नाहीं, आणि ‘हा एवढा विद्वान, आपण कोण सांगणारे?’ असें म्हणून तीं गप्पहि राहिलीं नाहींत. त्यांनीं त्यास आपल्याजवळ घेतलें आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुढें अखया प्रांतांतील बंधूंस त्याचें फार साह्य झालें. शिकविणारीं कारागीर होतीं म्हणून अपुल्लोसाची देणगी विटाळली नाहीं. तसेंच लूकहि आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं सांगतो कीं, त्यानें सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला. ज्याचें लिखाण आपण प्रेरित मानितों, त्यानेंच प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीस एवढें मोल दिलें, तर आपण शोधावांचून लिहिण्यास प्रेरणेचें निमित्त कसें सांगावें?

आपल्या महाराष्ट्रांतहि हीच गोष्ट दिसते. डॉ. विल्यम कॅरी यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. पण त्यांस मराठी शिकविणारे वैजनाथ पंडित होते. शिकवावयास आलेल्या मनुष्यास आधीं शिष्य व्हावें लागलें.

यापेक्षां जवळचें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरचें आहे. १९०७ सालीं जळगांवास पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या कोवळ्या वयाच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास ‘बालकवि’ ही पदवी दिली. संमेलन उठलें, मंडप सुटला. एवढ्या कोवळ्या मुलानें ती पदवी घेऊन पुढें काय करावें? टिळकांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं आणून ठेविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या मुलाप्रमाणें सांभाळिलें. जळगांवास त्यास पदवी मिळाली; नगरास घर मिळालें. ठोमरे हिंदूच राहिले, आणि त्यांची निसर्गकविता टिळकांच्या कवितेची नक्कल झाली नाहीं. १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. परंतु त्यांची ‘फुलराणी’ व ‘औदुंबर’ मराठी वाचक अद्यापि विसरलेला नाहीं.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक बहिणीनें ऐकावी. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांस पतीनेंच करून दिली. १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहाअकराच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनीं पुढील चौसष्ट अध्याय रचून तें काम तडीस नेलें. आणि स्वतःची जीवनकथा ‘स्मृतिचित्रें’ लिहितांना त्यांनीं टिळकांची भाषा उसनी घेतली नाहीं. घरांत, विहिरीवर, स्वयंपाकापाशीं त्या जशा बोलत तशाच त्या लिहित्या झाल्या. १९३३ सालीं नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. शाळेच्या बाकावर न बसलेली बाई विद्वानांच्या सभेंत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसली, हें पाहून किती बहिणींस धीर आला असेल!

तेव्हां संमेलनें निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. खेड्यांत एकट्यानें लिहिणाऱ्यास आपण वेडे तर नाहीं ना, अशी शंका येत असते. संमेलनांत त्यास आपल्यासारखे दुसरे भेटतात, नवीं पुस्तकें कळतात, थोरांचें बोलणें कानीं पडतें, आणि तो हुरूप घेऊन परततो. परंतु संमेलन दोन दिवसांचें असतें, आणि तेथें मनुष्य आपलें उत्तम वस्त्र घालून जातो. लिखाणांतील खोट शोधण्यास रोजचा सहवास लागतो. ज्यास आपला स्वभाव ठाऊक आहे, ज्याला आपल्या स्तुतीची किंवा रागाची पर्वा नाहीं, अशा मनुष्याची नजर लागते. संमेलनानें धीर मिळतो. सत्याची संवय मात्र अशा नजरेखालींच लागते.

येथें कोणी विचारील, ‘मग सांगेल तें सर्व ऐकावें काय?’ नाहीं. शिकविणाऱ्यासहि एक मोह असतो. शिष्यास आपल्या साच्यांत ओतावें असें त्यास वाटतें. म्हणून दुरुस्ती आली म्हणजे तिला एक प्रश्न विचारावा: हिच्यामुळें माझें लिखाण सत्याच्या व वाचकाच्या अधिक जवळ जातें, कीं केवळ शिकविणाऱ्याच्या तोंडवळ्याचें होतें? शब्द, क्रम, लांबी, अलंकार यांविषयीं आनंदानें माघार घ्यावी. परंतु जें आपण डोळ्यांनीं पाहिलें आणि ज्याविषयीं आपली सदसद्विवेकबुद्धि देवापुढें साक्ष देते, तें कोणाच्याहि भिडेखातर बदलूं नये. आमच्या पाळकसाहेबांनीं आमच्या लिखाणावर रेघ मारली; पण आपल्या पदरचें एक वाक्यहि त्यांत घातलें नाहीं. त्यांनीं आम्हांस ज्यानें पाहिलें होतें त्याच्याकडे पाठविलें. आमच्या मतें खऱ्या गुरूची हीच खूण आहे.

आज हातांतील मोबाईलवर लिहिलेलें क्षणांत शेंकडों लोकांस पोहोंचतें, आणि ‘आमेन’ व ‘फार छान’ यांचा पाऊस पडतो. मध्यें थांबवून ‘तूं तेथें होतास काय?’ असें विचारणारें कोणी नसतें. म्हणून आमची लिहिणाऱ्या बंधुभगिनींस विनंति आहे कीं, पाठविण्यापूर्वीं आपलें लिखाण एका तरी मनुष्यास मोठ्यानें वाचून दाखवावें. तो विद्वानच पाहिजे असें नाहीं. वाचतां न येणारी एखादी वृद्ध आजीबाई कोठें अडली तें पाहिलें तरी पुष्कळ कळेल. आणि ज्याच्याविषयीं लिहिलें असेल त्यास तर अवश्य दाखवावें. मंडळींतील वडील माणसांसहि आमचें सांगणें आहे कीं, तरुणाच्या लिखाणास सभेंत हंसूं नका व घरीं खोटी वाहवा करूं नका. त्यास आपल्याजवळ घ्या.

बी देवच देतो. पण खुरपणीस शेजाऱ्याचा हात लागला म्हणून पीक शेजाऱ्याचें होत नाहीं, आणि देवाच्या देण्यास कमीपणाहि येत नाहीं. त्या मजुराकडून परत आल्यावर आम्हीं तें लिखाण पुन्हां लिहिलें. तें एका पानाहून कमी भरलें, आणि त्यास कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. परंतु तें त्या मुलास वाचून दाखविलें तेव्हां तो म्हणाला, ‘व्हय, ही माझी आई.’