पाचामुखी परमेश्वर?

‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेने या म्हणीचे जणू शास्त्रच बनविले. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली लोकमत मोजणारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका जमवून लँडन जिंकणार असे भाकीत केले. गॅलप यांनी फार थोड्या, पण पारखून निवडलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट यांचे नाव घेतले आणि ते खरे ठरले. मत मोजता येते हे सिद्ध झाले. पण मोजलेले मत योग्य असते काय?

१९३८ साली गॅलप यांनी एक प्रश्न विचारला : नवरा पोसण्यास समर्थ असताना विवाहित स्त्रीने उद्योगधंद्यात पैसे मिळवावेत, हे तुम्हांला पसंत आहे काय? शेकडा ७८ जणांनी ‘नाही’ म्हटले. काळ महामंदीचा होता. सरकारी खात्यांत कपात करताना नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील तर त्यांपैकी एकाला आधी घरी पाठवावे, असा कायदा १९३२ साली झाला होता. त्यात ‘स्त्री’ हा शब्द नव्हता. घरी मात्र बहुतेक स्त्रियाच गेल्या. तो कायदा १९३७ साली रद्द झाला. पण अनेक गावांच्या शाळांत शिक्षिकेने लग्न केले की तिची नोकरी जाई, ती रीत पुढेही काही वर्षे चालूच राहिली.

१९७२ साली शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन केंद्राने त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारला. या वेळी सुमारे दोन तृतीयांश लोकांना स्त्रीची नोकरी पसंत होती. मधल्या काळात महायुद्धात स्त्रियांनी कारखाने चालविले होते; समान वेतनाचा कायदा १९६३ साली आला होता.

आता सांगा, यांतला परमेश्वर कोणता? १९३८ चा की १९७२ चा? बहुमत हेच न्यायाचे माप मानले, तर लग्न केले म्हणून काढून टाकलेल्या त्या शिक्षिकेवर तेव्हा अन्याय झालाच नाही असे म्हणावे लागेल. ते माझ्या मनाला पटत नाही. अन्याय तेव्हाही होता. तो दिसणारे डोळे थोडे होते, इतकेच. म्हणून लोकमत टाकाऊ ठरत नाही. त्याच्या पाठबळाशिवाय कायदा कागदावरच राहतो. पण समाज कुठवर आला आहे एवढेच ते सांगते. कुठे जायला हवे हे त्याला विचारून कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. आमच्या सीमाभागात एकच प्रश्नपत्रिका दोन भाषांत काढावी लागते. एखादा शब्द सरकला की मुलांची उत्तरे सरकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ‘पोसण्यास समर्थ नवरा’ या शब्दांत अर्धे उत्तर आधीच दिलेले आहे. शिवाय मूल तापाने फणफणले तर रजा कोणी घ्यायची, हे त्यात कोणी विचारलेच नाही. नोकरीवरून परतलेल्या स्त्रीची घरातली ‘दुसरी पाळी’ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८९ साली पुस्तकातून मांडली. आजारपण-बाळंतपणासाठी बारा आठवड्यांच्या रजेचा देशव्यापी कायदा यायला १९९३ साल उजाडले. तीही रजा बिनपगारी, आणि पन्नासांहून कमी नोकर असलेल्या खासगी मालकाला ती देण्याचे बंधन नाही. स्त्रीच्या नोकरीला होकार देण्यास खर्च येत नाही. तिचे ओझे वाटून घेण्यास येतो.

हे सारे मी अमेरिकेला शिकविण्यासाठी लिहीत नाही. मी पूर्वी एका शाळेत होतो. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. एक बाई सेवेने मला ज्येष्ठ होत्या, शिकवीतही माझ्याहून चांगल्या. त्यांचे मूल लहान होते. शिक्षकखोलीत सर्वांचे मत घेतले गेले. ‘त्यांना झेपणार नाही’ असे सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. बाई त्या वेळी वर्गावर होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. जागा मला मिळाली.

मत एकमताने झाले होते. ते चुकीचे होते, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते.