खेळाडूची संमती आणि खेळाडूचा पुढाकार

व्यावसायिक संघांमधील खेळाडूंची अदलाबदल म्हणजे एका संघमालकाने खेळाडूचा चालू करार दुसऱ्या मालकाच्या हाती सोपवणे. मोबदल्यात दुसरा खेळाडू मिळतो, रक्कम मिळते किंवा दोन्ही. भारतात ही पद्धत आयपीएलने रुळवली. 2009 मध्ये मुंबई इंडियन्सने शिखर धवनला घेऊन आशिष नेहराला दिल्लीकडे दिले आणि रॉबिन उथप्पाच्या बदल्यात बंगळूरकडून झहीर खानला आणले. तेव्हापासून असा व्यवहार झाला की दोन ठरलेली मते कानावर येतात. माणसांचा बाजार मांडला, हे एक. हे म्हणणारे करार करून खेळणाऱ्या कुशल माणसाला स्वतःच जनावराच्या पंगतीला बसवतात. निष्ठा उरली नाही, हे दुसरे. त्यात मालकाच्या निष्ठेचा हिशेब कोणी मागत नाही, त्यामुळे त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

तिसरे मत मात्र वरवर पाहता निरुत्तर करणारे आहे. खेळाडूची लेखी संमती घेतल्याशिवाय आयपीएलमध्ये अदलाबदल होत नाही. माणूस सज्ञान आहे, सही त्याची आहे, पैसाही त्याला मिळतो, मग अन्याय कुठे झाला, असा हा प्रश्न. अलीकडे सुशिक्षित क्रीडाचर्चा बहुधा याच प्रश्नापाशी थांबते, आणि तिथेच ती उथळ होते.

संमती कोणत्या क्षणी मागितली जाते, हे पाहावे लागेल. दोन संघांची बोलणी आधी होतात. कोणाच्या बदल्यात कोण, वर किती रक्कम, हे ठरते. आयपीएलमध्ये संघांनी एकमेकांना दिलेली हस्तांतराची रक्कम जाहीरही होत नाही. एवढे जमून आल्यावर कागद खेळाडूपुढे येतो. तोवर आपल्या संघाला आपण नकोसे झालो आहोत, हे त्याला कळून चुकलेले असते. नकार देता येतो, पण नकारानंतर ज्या संघात राहायचे त्यानेच त्याला काढायला घेतलेले असते. नामवंत खेळाडू अशा वेळीही अटी घालू शकतो. राखीव बाकावरच्या एकविशीतल्या गोलंदाजाची सही ही बहुतेक वेळा पोच असते.

म्हणून संमती आणि पुढाकार या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. इतरांनी जुळवलेल्या व्यवहाराला होकार देणे ही संमती. आपल्याला कुठे जायचे आहे हे आपण होऊन सांगता येणे आणि त्याबद्दल शिक्षा न होणे, हा पुढाकार. पहिली असली की दुसरा आपोआप असतो, हे संमतीवाद्यांचे गृहीतक आहे. रवींद्र जडेजाची कारकीर्द ते खोटे ठरवते. राजस्थान रॉयल्सच्या नूतनीकरणाच्या करारावर सही न करता दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या आरोपावरून त्याला 2010 चा हंगाम खेळू दिला नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात त्याच जडेजाला, सॅम करनसह, त्याच राजस्थानकडे दिले. संघांनी बोलणी केली तेव्हा तो रीतसर व्यवहार झाला. खेळाडूने केली तेव्हा गुन्हा.

यावर हार्दिक पंड्याचे उदाहरण पुढे केले जाते. 2023 मध्ये त्याने मुंबईला परतण्याची इच्छा दाखवली, असे गुजरात टायटन्सनेच जाहीर केले होते. म्हणजे पुढाकार शक्य आहे. मात्र तो कर्णधाराला शक्य झाला, मालक राजी होते म्हणून शक्य झाला, आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली.

परदेशातला इतिहास या भेदाला बळ देतो. बेसबॉलपटू कर्ट फ्लड याला 1969 मध्ये सेंट लुईसने फिलाडेल्फियाकडे दिले. त्याचे वेतन त्या काळी उत्तम होते. तरी त्याने जायला नकार दिला, आणि 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. याउलट 1983 मध्ये कॅनडा-अमेरिकेच्या कनिष्ठ आइस हॉकीत सिॲटलच्या संघाने टॉम मार्टिनचे हक्क व्हिक्टोरियाला एका वापरलेल्या बसच्या बदल्यात दिले. या किश्श्यावर आजही लोक हसतात. पण मार्टिनला सिॲटलकडून खेळायचेच नव्हते. त्याला व्हिक्टोरिया हवे होते. बसच्या मोलाने गेलेला खेळाडू हव्या त्या गावी पोचला आणि भरपूर वेतनाचा फ्लड अडकला. अपमान किमतीत असतो, हा समज इथे टिकत नाही.

मालकाची बाजू खोटी नाही. प्रशिक्षण, प्रवास, दुखापतीचा खर्च तो उचलतो. खेळाडूने हंगामाच्या मध्यावर उठून जावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यासाठी कराराची मुदत पुरेशी आहे. युरोपीय न्यायालयाने 1995 च्या बोस्मन निकालात हेच धरले: मुदत संपल्यावर खेळाडूच्या हस्तांतराबद्दल जुन्या संघाला पैसे मागता येणार नाहीत.

जळगाव-धुळ्याच्या खेळाडूला हा भेद दूरचा नाही. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली ती पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर या सहा नावांनी. खानदेशचा संघ त्यांत नव्हता. इथला मुलगा लिलावात निवडला गेला तरी परक्या गावाच्याच नावाने खेळणार. त्याला निष्ठेचे धडे देण्यात अर्थ नाही. खानदेशात खेळाडूची ये-जा आजवर नोकरीच्या वाटेने झाली. भुसावळला रेल्वेचा क्रीडा कोटा, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दल, जळगावला क्रिकेटपटूंपासून कॅरमपटूंपर्यंत अनेकांना पदरी ठेवणारी जैन इरिगेशन. अर्ज खेळाडू करतो, चाचणीला तोच जातो, दुसरीकडे बरी जागा निघाली की राजीनामाही तोच देतो. खुल्या कबड्डी स्पर्धांत तर चांगला चढाईपटू कोणत्या मंडळाकडून उतरायचे हे फोनवर स्वतः ठरवतो. मानधन तुटपुंजे, गुडघा गेला तर विचारणारे कोणी नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. तरी तिच्यात जो पुढाकार होता, तो लीगच्या करारात खेळाडू गमावतो, आणि बदल्यात त्याला संमतीचा रकाना मिळतो.

संघटनांच्या पातळीवर हाच प्रश्न ना-हरकत प्रमाणपत्राच्या रूपाने येतो. 2025 मध्ये पृथ्वी शॉ मुंबईची ना-हरकत घेऊन महाराष्ट्राकडे आला. त्याच वर्षी यशस्वी जैस्वालने गोव्यासाठी ती मागितली आणि नंतर विचार बदलून मुंबईतच राहिला. दोघांनाही मागण्याची मोकळीक होती, एकाला परतण्याचीही. जिल्हा बदलू पाहणाऱ्या अनोळखी खेळाडूचा अर्ज मात्र सचिवांच्या सहीसाठी पडून राहिला, तर निवड चाचणीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. नकार आला तर निदान दाद मागता येते. उत्तरच न येणे हा सर्वांत सोयीचा नकार असतो.

इलाज नियमांत बसणारा आहे. ना-हरकतीच्या अर्जाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळावे, न मिळाल्यास ती दिली असे समजावे. राज्यपातळीवरच्या लीगनी हंगाम संपल्यावर काही दिवस असे ठेवावेत की खेळाडू संघबदलाची विनंती थेट लीगकडे नोंदवू शकेल, आणि तेवढ्यावरून त्याच्यावर कारवाई होणार नाही. अदलाबदलीचा कागद त्याच्यापुढे ठेवताना संघांमधली रक्कमही त्यावर लिहिलेली असावी. विनंती मान्य करायची की नाही, हे कराराची मुदत असेपर्यंत मालकाने ठरवावे.